म्युनिक ते ऑर्टिसेई: आठ माणसं, एक व्हॅन आणि टायरवरचे आकडे

आई-बाबा नाशिकहून आमच्याकडे म्युनिकला पहिल्यांदाच हिवाळ्यात आले, तेव्हा नाताळात त्यांना पोटभर बर्फ दाखवायचा हे नक्की होतं. मित्राचं कुटुंब धरून आम्ही आठ जण. म्युनिकहून इन्सब्रुक, मग ब्रेनर खिंड ओलांडून इटलीच्या दक्षिण टिरोलमधलं ऑर्टिसेई. गाडी आमचीच, सेकंडहँड घेतलेली नऊ सीटांची फोक्सवॅगन टी-सिक्स. रस्ता साडेतीन-चार तासांचा, पण त्याची तयारी तीन आठवडे चालली आणि त्यातले दोन टायरांत गेले.

गाडीसोबत हिवाळी टायरांचा एक जुना संच फुकट मिळाला होता. मी खुशीत होतो. बाबांनी तळघरात जाऊन हात फिरवला आणि म्हणाले, "गोटा तर झालेले नाहीत, चालतील की." नाशिकच्या हिशेबाने चाललेही असते. पण टायरच्या कडेला फक्त एम प्लस एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं होतं आणि कारखान्याचा आकडा होता ३८१६, म्हणजे २०१६ सालचा ३८वा आठवडा. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम प्लस एस हिवाळी टायर म्हणून धरत नाहीत. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकणाची चांदणी, ही खूण लागते. शिवाय दोन युरोचं नाणं खाचेत उभं केलं, तर त्याची चंदेरी कड पुरती बुडेना. ती कड साधारण चार मिलिमीटरची असते. जर्मन कायद्याला १.६ मिलिमीटर पुरतात, ऑस्ट्रियात मात्र चारच्या खाली गेलेला टायर हिवाळी म्हणून मोजतच नाहीत. आम्हाला ऑस्ट्रियातूनच जायचं होतं, म्हणून फुकटचा संच भंगारात गेला.

नवे घेताना मी जवळजवळ फसलो होतो. गाडीच्या नोंदणीपत्रात १५.१ आणि १५.२ या रकान्यांत पुढच्या-मागच्या टायरचं माप असतं. आमचं २१५/६५ आर १६ सी. मी ऑनलाइन दुकानात २१५/६५ आर १६ एवढंच टाकलं आणि एक झकास स्वस्त संच सापडला. माप तेच, डोंगराची खूणही होती. 'घ्या' दाबणार, तेवढ्यात पुढचा आकडा दिसला: ९८ एच. कागदावर होतं १०९/१०७ टी.

हे आकडे शोभेचे नाहीत. हा भारांक: ९८ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ७५० किलो, १०९ म्हणजे १०३० किलो. आमच्या नोंदणीपत्रात ८.२ च्या रकान्यात मागच्या एक्सलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांचा मिळून, जास्तीत जास्त भार १५७५ किलो आहे. स्वस्तातले दोन टायर मिळून उचलणार १५००. आठ माणसं, बॅगा, स्लेज आणि आईने बांधून घेतलेले लाडू, यातलं बरंचसं मागेच बसणार होतं. तो संच छोट्या एसयूव्हींसाठीचा होता. शेवटी जो 'सी' मी टाइप करायचा आळस केला, तोच मालवाहू गाड्यांचा जाड, भार पेलणारा टायर. तेव्हा व्हॅनवाल्यांनो, माप जुळलं म्हणून थांबू नका, एक्सलचा भार काढा, दोनाने भागा आणि मग भारांक बघा.

वेगाच्या अक्षरात थोडी सूट आहे. टी म्हणजे ताशी १९०, आर म्हणजे १७०. हिवाळी टायरचा वेग गाडीच्या कमाल वेगाहून कमी असला तर जर्मनीत चालतं, फक्त ड्रायव्हरच्या नजरेसमोर तसा स्टिकर लावायचा. भाराच्या आकड्यात ही मुभा नाही.

मित्राचा आग्रह २३५/५५ आर १७ साठी होता, दिसायला भारी म्हणून. हिशेब केला तर त्यातही चूक नव्हती: १६ इंची चाकाचा टायरसकट व्यास ६८६ मिलिमीटर, १७ इंचीचा ६९०, आणि १०३ भारांकाचे दोन टायर १७५० किलो उचलतात. तरी मी १६ वरच राहिलो. लोखंडी रिम स्वस्त, आणि टायरची कड उंच असली की बर्फाखाली लपलेल्या दगडी कठड्याचा दणका रिमपर्यंत पोचत नाही. रिम बदलणार असाल तर बोल्ट तेच चालतात का, हे आधी विचारा.

बसवल्यावर पन्नासेक किलोमीटरनी बोल्ट पुन्हा आवळायचे. आमच्या गाडीला १८० न्यूटन-मीटर, टॉर्क पाना शेजाऱ्याचा. हवेवरून बाबांशी वाद झाला. "बत्तीस भर, सगळ्या गाड्यांना बत्तीसच लागते." व्हॅनच्या सी टायरला भरल्या गाडीत तीन बारच्या वर लागते, म्हणजे त्रेचाळीस-चव्वेचाळीस पीएसआयच्या पुढे. गाडीवरचा तक्ता दाखवला तेव्हा ते गप्प झाले, पटलं नव्हतं. थंडीत हवा उतरते, त्यामुळे ती घरच्या गॅरेजमध्ये न भरता बाहेर, टायर गार असताना भरा.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. इन्सब्रुकपर्यंत रस्ते कोरडे होते. ब्रेनरच्या ए-१३ महामार्गाला विन्येट (ऑस्ट्रियाच्या महामार्गांचा ठरावीक मुदतीचा पास) चालत नाही, वेगळा टोल आहे. तो आधी ऑनलाइन भरला तर रांग टळते. याच रस्त्यावरच्या लुएग पुलाच्या कामामुळे २०२५ पासून तिथे बऱ्याच दिवशी एकेकच मार्गिका असते, तासभर हाताशी ठेवा. सुट्टीच्या शनिवार-रविवारी गर्दी टाळायला मधेच गावातून जायचा मोह होईल, पण टिरोलमध्ये त्याला अनेक ठिकाणी बंदी असते आणि पोलीस परत फिरवतात. खिंड १३७० मीटरवर आहे. तिच्यापलीकडच्या इटलीच्या महामार्गावर १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हिवाळी टायर किंवा गाडीत बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या हव्यातच.

खरी परीक्षा क्लाउझनला महामार्ग सोडल्यावर झाली. अंधार पडला, बर्फ सुरू झाला आणि आमचं गेस्टहाउस गावाच्या वरच्या अंगाला, तीनशे मीटरच्या खड्या चढावर. पुढे एक गाडी आडवी होऊन थांबली होती. मी खालीच थांबलो, ती निघाल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये, एकाच लयीत, मध्ये न थांबता वर गेलो. पुढची चाकं दोनदा घसरली आणि पुन्हा पकडली. उतरताना बाबा म्हणाले, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. हे कसारा घाटातलं ज्ञान, इथेही तंतोतंत लागू.

साखळ्या लागल्या नाहीत. पण निघायच्या आधी अंगणात एकदा चढवून पाहिल्या होत्या, पुढच्या चाकांना, कारण आमची गाडी पुढची चाकं ओढतात. पहिल्यांदा चाळीस मिनिटं गेली, दुसऱ्यांदा बारा. त्यांच्यासोबत रबरी हातमोजे, डोक्याला लावायचा दिवा आणि गुडघ्याखाली घ्यायला जुनं पायपुसणं ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं, तर बाबा पार्किंगमध्ये दोन युरोचं नाणं घेऊन लोकांच्या गाड्यांचे टायर तपासत होते, आणि आई बाल्कनीतून ओरडत होती, "अहो, आधी चहा घ्या!"