कानाझावात सोन्याचा वरख लावताना

टोकियोहून कानाझावाला कागायाकी या शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, अडीच तास लागतात. सगळी आसनं आरक्षित, त्यामुळे तिकीट आधीच काढून ठेवावं. बहुतेक प्रवासी उतरले की केन्‌रोकुएन बागेकडे वळतात. मला मात्र आधी वरख बघायचा होता. जपानमधला ९८ टक्क्यांहून जास्त सोन्याचा वरख याच शहरात बनतो. एदोकाळात (१६०३ ते १८६८) शोगुनांनी, म्हणजे जपानच्या लष्करी शासकांनी, त्यावर बंधनं घातली होती, तरी माएदा सरदारांच्या या गावात कारागीर तो गुपचूप बनवत राहिले. इथली दमट हवाही त्यांच्या पथ्यावर पडली, कारण कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे वरख कशालाही चिकटतो.

हाशिबाचोच्या थांब्यावर बसमधून उतरून आधी यासुए वरख संग्रहालय गाठलं. आधी संग्रहालय आणि मग वरख लावायला शिकवणारा वर्ग, हा क्रम मी मुद्दाम ठरवला होता. दहा येनच्या नाण्याएवढं सोनं ठोकून ठोकून एका तातामीएवढं (जमिनीवर अंथरायची जपानी चटई) पसरवतात, आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी उरते. खरी मेहनत तर ठोकताना मध्ये घालायच्या कागदावर असते.

वर्ग हिगाशी चाया भागात होता. १८२० साली वसलेली ही चहाघरांची गल्ली, लाकडी जाळ्यांच्या दर्शनी भिंती अजून तशाच. इंटरनेटवरून वेळ घेतली होती. वस्तू आपण निवडायची. मी काळी छोटी डबी घेतली. नक्षीसाठी चिकटपट्ट्या लावायच्या, उरलेल्या जागेवर गोंद पुसायचा आणि वरख ठेवायचा. ऐकायला सोपं आहे. पण वरख बोटाने उचलायचाच नाही, बांबूच्या चिमट्याने धरायचा, तोही श्वास रोखून. बाईंनी पंखा बंद केला आणि आम्हाला बोलायलाही मनाई केली! आपल्याकडे बर्फीवर वरख लावतात तो यापुढे राकट वाटेल. कापसाने हलकेच दाबून पट्ट्या सोलल्या, तेव्हा कडा बऱ्यापैकी सरळ आल्या होत्या. एका कोपऱ्यात सुरकुती राहिली. बाई म्हणाल्या, राहू दे, घासू नकोस.

बाहेर सोन्याचा वरख लावलेलं आइस्क्रीम मिळतं. फोटोपुरतं ठीक आहे, चवीत सोन्याचा काही वाटा नसतो. तेच पैसे वर्गाला द्यावेत असं माझं मत. डबी मात्र पाण्याने धुवायची नाही, कोरड्या मऊ कापडाने पुसायची. त्यात मी टाचण्या ठेवते.