एक की नऊ?

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवसाची गोष्ट. नाशिकच्या एमजी रोडवरच्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तोच पंचवटीतले एक गुरुजी लॅपटॉप छातीशी धरून आत आले. बसायच्या आधीच म्हणाले, "दादा, एवढंच सांगा, फॉरमॅट न करता होईल का?" आदल्या संध्याकाळी एका दुकानात त्यांना दुसरा इलाजच नाही म्हणून सांगितलं होतं.

आत काय आहे ते कळलं आणि माझ्याही पोटात गोळा आला. घराणं तीर्थोपाध्यायांचं, म्हणजे तीर्थावर येणाऱ्या यजमानांचे विधी करणाऱ्यांचं. यजमानांच्या नामावळीच्या वह्या, गावागणिक, जुन्या तर मोडी लिपीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा त्यांच्या घरात पाणी शिरलं आणि वह्यांची एक पेटी भिजली. मग एकेक पान सुकवून त्यांनी मोबाइलवर फोटो काढले, सहा हजारांच्या वर. पुढे त्यातली कित्येक पानं एकमेकांना चिकटून गेली. ती आता फक्त या लॅपटॉपमध्ये. आणि उद्या धुळ्याहून एक कुटुंब येणार होतं, पणजोबांचं नाव शोधायला.

निळा स्क्रीन, खाली 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. दोन दिवसांपूर्वी 'तुमचे ड्रायव्हर जुने झालेत' असं सांगणारा एक फुकटचा प्रोग्राम त्यांनी चालवला होता. ड्रायव्हर म्हणजे विंडोजला एखादा भाग चालवायला लागणारा छोटा प्रोग्राम. त्याने डिस्कच्या कंट्रोलरचाच ड्रायव्हर बदलला. डिस्क ठणठणीत होती, पण विंडोज चालू होताना तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. अशा वेळी फॉरमॅट सांगणं मला पटत नाही. आधी डेटा बाहेर काढायचा, दुरुस्ती नंतर.

रिकव्हरीच्या स्क्रीनवर गेलो, तर डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या कुलपाने, बंद. किल्ली ४८ अंकी. लॅपटॉप भाच्याने सुरू करून दिलेला. किल्ली त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, आणि ते खातं केव्हाच बंद पडलेलं. "पण किल्ली मी लिहून ठेवलीये," म्हणत गुरुजींनी पिशवीतून वही काढली. भाच्याने फोनवर सांगितलेली, त्यांनी बोरूच्या वळणाने देवनागरीत उतरवलेली. सहा-सहा अंकांचे आठ गट. अक्षर देखणं, पण १ आणि ९ सारखेच दिसत होते. गुरुजींनाही खात्री देता येईना. मोजल्या तर नऊ जागा संशयाच्या निघाल्या, म्हणजे ५१२ शक्यता.

तेव्हा आठवलं, या किल्लीचा प्रत्येक गट ११ ने भागला जातो. चुकीचा अंक पकडता यावा म्हणून ती तशीच बनवलेली असते. शाळेतली ११ ची कसोटी! एका गटात ३१४६८० की ३९४६८०, कळत नव्हतं. (खरे अंक इथे बदलले आहेत.) एक सोडून एक अंक घ्या: ३, ४, ८ मिळून पंधरा. उरलेले १, ६, ० म्हणजे सात. फरक शून्य किंवा ११ च्या पटीत हवा; इथे आठ, जमत नाही. तिथे ९ घेतला की पंधराला पंधरा. गुरुजींना एकदा सांगितलं आणि पुढच्या बेरजा त्यांनी तोंडीच केल्या, माझ्या कॅल्क्युलेटरच्या आधी. एका गटात दोन जागा संशयाच्या होत्या आणि १-१ घ्या की ९-९, कसोटी दोन्हीकडे जमत होती. पण कुठलाच गट ७२०८८५ च्या वर जात नाही, म्हणून पहिला अंक ९ असणं शक्यच नव्हतं.

किल्ली टाकली. कुलूप उघडलं.

बाहेरची हार्ड डिस्क लावून कमांड प्रॉम्प्टमधून सगळे फोटो उतरवून घेतले. पाऊण तास गेला, तोवर गुरुजी स्क्रीनवर सरकणारी फाइलींची नावं बघत होते. सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवू नयेत हे त्यांना मी तेव्हा सांगितलं नाही. त्यांची नजरच सांगत होती की त्यांना ते कळलंय. दुरुस्ती मात्र दहा मिनिटांची निघाली: बाहेरून आलेल्या ड्रायव्हरांची यादी काढली, त्यात परवाच्या तारखेचा सापडला, तो काढून टाकला आणि मशीन सुरू केलं. विंडोजने स्वतःचा मूळ ड्रायव्हर उचलला.

डेस्कटॉप दिसताच गुरुजींनी धुळ्याचं फोल्डर उघडलं, एक पान मोठं केलं आणि मोडीतल्या ओळीवर बोट ठेवून ते नाव मोठ्याने वाचलं.

जुनी किल्ली रद्द करून मी नवी तयार केली. ती त्यांनी वहीत आधी अंकी लिहिली, मग खाली अक्षरी.