आमची वाटचाल : जाळीची जाडी

पुण्यात आमचं शॉप ड्रॉइंगचं, म्हणजे आर्किटेक्टच्या आराखड्यावरून कारागिरांसाठी तपशीलवार नकाशे काढण्याचं, ऑफिस २००४ मध्ये उघडलं. मावसभाऊ भागीदार, क्लच पेन्सिली, मिनी ड्राफ्टर आणि हप्त्यावर घेतलेला कॉम्प्युटर, एवढीच पुंजी. सुरुवातीची वर्षं नीट गेली. सांगायचं आहे ते २००९ चं.

दुबईतल्या एका इमारतीची पश्चिम बाजू आमच्या सरांनी जीआरसीच्या (काचतंतू घातलेल्या काँक्रीटच्या) जाळीने झाकली होती. सर मुंबईचे आर्किटेक्ट, आमचे पहिले ग्राहक आणि आजही ग्राहक. पॅनेलची जाडी ७५ मिलिमीटर. दुबईत जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा छज्जा पुरतो. संध्याकाळी ऊन आडवं घुसतं, तेव्हा भोकाची खोलीच ते अडवते. कंत्राटदाराने व्हॅल्यू इंजिनिअरिंगच्या, म्हणजे काम तेवढंच ठेवून खर्च कमी करण्याच्या, नावाखाली ३ मिलिमीटरचा लेझर-कट पत्रा पुढे केला. नक्षी हुबेहूब तीच, सावली मात्र गायब. ती ड्रॉइंगं काढणारं ऑफिस आमच्याच गल्लीतलं, दर आमच्या निम्म्याने.

आम्ही तासातासाच्या उन्हाचे सेक्शन (जाळी उभी कापल्यावर ऊन आत कुठवर येतं ते दाखवणारी चित्रं) काढले, एका पॅनेलचा पूर्ण मापाचा मॉक-अप, म्हणजे नमुना, करवला. सरांनी तो मालकापुढे उन्हात उभा केला. जाळी राहिली. पण नोव्हेंबरमध्ये दुबई वर्ल्ड या तिथल्या सरकारी कंपनीने कर्जफेडीला मुदत मागितली, बाजारात पैसे अडकले, त्यात आमची बिलंही. भाऊ बाहेर पडला. गल्लीतल्या त्या ऑफिसने पसरवलं की आमच्या हट्टामुळे काम रखडलं. ते मला अजून खुपतं. रखडलं ते पैशांमुळे. सरांनी पुढच्या कामाची रक्कम आगाऊ दिली, म्हणून ऑफिसला कुलूप लागलं नाही.

सर ढाक्याच्या संसद भवनाचं उदाहरण देत. त्याचे आर्किटेक्ट लुई कान १९७४ मध्ये गेले, इमारत पुरी झाली १९८२ मध्ये. दर पाच फुटांच्या काँक्रीटनंतर संगमरवराची पट्टी. काँक्रीटच्या दोन थरांमधला सांधा लपवायचा प्रश्नच नाही, तोच रचनेचा भाग. कारागिराच्या हाताला जमेल असा तपशील कागदावर असला की आर्किटेक्टच्या माघारीही इमारत त्याचीच राहते.

नव्या मुलांना सांगतो, स्पेसिफिकेशनमध्ये 'किंवा समतुल्य' लिहाल तर कशात समतुल्य तेही लिहा: जाडी, वजन, सावली. नाहीतर समतुल्य ठरवतो परचेसवाला. आणि मॉक-अपचा खर्च टेंडरमध्येच धरा.

सध्या मस्कतला सरांच्याच एका इमारतीचं काम चालू आहे. परवा कंत्राटदाराने पुन्हा पत्र्याचा विषय काढला. उत्तर त्याच दिवशी गेलं, सेक्शनसकट.