फिल्टर कॉफी घरी जमायला तीन महिने लागले, माझा अनुभव

आमच्या घरात कॉफी म्हणजे जायफळाची. दूध उकळायचं, त्यात साखर आणि कॉफीची पूड टाकायची, वरून जायफळ किसायचं आणि परत एक उकळी आणून गाळायचं. आजी तशीच करायची, आई तशीच करते, आणि तीसुद्धा पाहुणे आले नाहीतर कुणी रात्रीच्या गाडीनं दमून आलं तरच, बाकी दोन्ही वेळा चहा. बेळगावात मराठी घरांत बहुतेक असंच असतं. त्यामुळं फिल्टर कॉफी मला फक्त उडपी हॉटेलातली माहिती, ती घरी कुणी रोज करतं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मग अनगोळला आमच्या वरच्या मजल्यावर एक फॅमिली भाड्यानं आली. काका बँकेत, बदली होऊन आलेले, मूळचे हासनकडचे. आंटी पहाटे साडेपाचला उठून कॉफी करायच्या आणि तो वास जिन्यावरून खाली आमच्या दारापर्यंत यायचा. आमच्याकडचा पावसाळा कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको, चार-चार दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल, आणि त्या हवेत असा भाजलेल्या बियांचा वास आला की झोप कुठल्या कुठं जायची. एकदा त्यांनी वर बोलवून कप हातात दिला आणि त्या दिवसापासून मला चहा बेचव लागायला लागला, खरंच सांगतो.

दोन वर्षांनी काकांची परत बदली झाली. जाताना आंटींनी त्यांचा जुना स्टीलचा छोटा फिल्टर मला दिला. दोन डबे एकावर एक, वरच्याच्या तळाला बारीक बारीक भोकं, आत दाबायला दांड्याची चकती, तिला त्या छत्री म्हणायच्या, आणि वर झाकण. बस एवढंच. वरच्यात पूड घालायची, गरम पाणी ओतायचं, खाली डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा घट्ट अर्क, गळतं. बघायला इतकं सोपं की मला वाटलं दुसऱ्या दिवशी सकाळी आंटींसारखी कॉफी तयार.

पहिल्या रात्री सुपरमार्केटातून आणलेली पूड भरली, चमच्यानं चांगली दाबून बसवली, वर छत्री, उकळतं पाणी ओतलं आणि झोपलो. सकाळी उघडतो तर पाणी जसंच्या तसं वर उभं, थंडगार, आणि खाली चार थेंब. पुढचे तीन दिवस तेच. आई म्हणाली, "काय करूलास रे रात्री अकराला स्वयंपाकघरात, दे मी करून देतो जायफळाची." पण मला तीच पाहिजे होती.

शेवटी आंटींना फोन केला. त्या अर्धं कन्नड अर्धं हिंदी, मी अर्धं कन्नड अर्धं मराठी, पण कळलं सगळं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, दोन डबे एकमेकांत घट्ट बसवतोस काय? मी म्हटलं हो, सांडू नये म्हणून पिळूनच बसवतो. म्हणाल्या तेच चुकतंय. धुतल्यावर कडा ओल्या राहतात, त्या ओल्या कडांमुळं सांधा बंद होतो, खालच्या डब्यातली हवा बाहेर जायला वाटच राहत नाही, मग पाणी खाली येणार कसं? वरचा डबा जरा फिरवून ढिला कर, नाहीतर थोडा उचलून परत ठेव. फोन कानाला धरूनच मी डबा एवढासा उचलला आणि आतून टप टप टप आवाज सुरू झाला. त्या हसून म्हणाल्या, "ताळी, स्वल्प ताळी," म्हणजे थांब जरा, घाई नको. तेव्हापासून मी दोन्ही कडा फडक्यानं कोरड्या करून मगच डबा बसवतो आणि पूड कधीच ठेचून दाबत नाही, छत्री नुसती वर टेकवतो.

गळायला लागलं पण चव येईना. काळंकुट्ट, घट्ट, पण कॉफीचा वास कमी आणि जळक्या गुळासारखी कडवट गोडी जास्त. पाकीट उलटून बघितलं तर बारीक अक्षरात 53 टक्के कॉफी आणि 47 टक्के चिकोरी. मला चिकोरी म्हणजे काय हेच माहिती नव्हतं, ती एका झाडाची मुळी असते, वाळवून भाजून पूड करतात, तिच्यात कॅफिन नसतं, पण रंग आणि दाटपणा भरपूर देते. कायद्यानं कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं, म्हणजे फसवणूक काही नाही, मीच कधी वाचलं नव्हतं. थोडी चिकोरी वाईट नाही असं माझं मत आहे, 15-20 टक्के असली तर दुधाच्या कॉफीला अंग येतं, पण निम्म्याला निम्मी म्हणजे कॉफी कुठं राहिली? शिवाय चिकोरी भिजून चिकट होते आणि भोकं तुंबायला तेही एक कारण.

मग बाजारात एका दुकानात बिया दळून मिळतात म्हणून गेलो. फिल्टरसाठी द्या असं दोनदा सांगितलं, तरी घरी येऊन पुडी उघडली तर मैद्यासारखी बारीक. परत तुंबलं. दुसऱ्यांदा जाडी मागितली तर लापशीच्या रव्यासारखी आली, पाच मिनिटांत सगळं पाणी खाली, रंग चहाचा. फार चिडलो होतो त्या दिवशी, कारण पाव किलो पूड वाया गेली आणि कॉफी आता काय स्वस्त राहिलेली नाही. त्यानंतर हातानं फिरवायची छोटी चक्की घेतली आणि बियाच आणायला लागलो. माझं माप असं की बोटाच्या चिमटीत घेतल्यावर बारीक रव्यापेक्षा थोडी बारीक लागली पाहिजे, पण पिठासारखी बोटाला चिकटता कामा नये. पाणी ओतल्यापासून 15 ते 20 मिनिटांत गळून झालं तर दळण बरोबर. दहाच्या आत झालं तर जाड, अर्ध्या तासावर गेलं तर बारीक.

बियांचंही थोडं शिकलो. आपल्या देशातली साधारण 70 टक्के कॉफी आपल्याच कर्नाटकात होते, कोडगू, चिक्कमगळूर, हासन हे तीन जिल्हे, आणि बेळगावात राहून मला ते धड माहिती नव्हतं. बाबा बुडन या सूफी संतांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिक्कमगळूरच्या डोंगरात लावल्या अशी आख्यायिका तिकडं सगळे सांगतात. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिकाला वास आणि थोडी आंबट झाक, रोबस्टाला कडवटपणा, दाटपणा आणि कॅफिन जवळजवळ दुप्पट. आणि पीबेरी म्हणजे फळात नेहमीच्या दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी, हे मी तळहातावर बिया पसरून स्वतः बघितलं, एक बाजू सपाट असते ती यात नसतेच, वाटाण्यासारखी दिसते. मला शेवटी पटलं ते मिश्रण म्हणजे तीन भाग अरेबिका, एक भाग रोबस्टा, चिकोरी अजिबात नाही.

इथपर्यंत दोन महिने गेले. आणि तरीसुद्धा एक गोष्ट कळेना. तीच बी, तेच दळण, तेच माप, पण एखाद्या दिवशी कॉफी अशी फक्कड व्हायची की आंटींची आठवण यावी आणि दुसऱ्या दिवशी एकदम सपक, खडू घातल्यासारखी. मी वहीत लिहायला लागलो. तारीख, किती ग्रॅम, किती मिनिटं, कशी झाली. दोन-अडीच आठवडे लिहून एका रविवारी नुसता बघत बसलो तर चांगले दिवस सलग येत होते, दोन दिवस चांगले, मग तीन वाईट, मग परत दोन चांगले. आणि एकदम लक्षात आलं, ज्या दिवशी नळाला पाणी येतं तो दिवस आणि त्याच्या दुसरा दिवस चांगला. नळाचं घागरीत भरून ठेवलेलं पाणी संपलं की आम्ही स्वयंपाकाला बोअरचं घेतो!

आमचं बोअरचं पाणी जड आहे, गिझरच्या कॉइलवर आणि चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो, डाळ शिजायला वेळ लागतो, ते आम्हाला माहितीच होतं पण कॉफीशी त्याचा संबंध कुणी जोडणार? जड पाण्यातले क्षार कॉफीतली जी छान आंबट झाक असते ती मारून टाकतात, मग राहतो नुसता कडवटपणा. खात्री करायला मी एकाच सकाळी दोनदा केली, एकदा नळाच्या म्हणजे राकसकोप धरणाच्या पाण्यानं, एकदा बोअरच्या, आणि दोन कप आईसमोर ठेवले, काही न सांगता. तिनं दोन्ही एकेक घोट घेतले आणि नळाचा कप स्वतःकडं ओढून घेतला. आरओचं पाणीही वापरून बघितलं, त्यानं खडूची चव गेली पण कॉफी पोकळ लागली, पाण्यात थोडे तरी क्षार पाहिजेतच. आता कॉफीसाठी नळाच्या पाण्याची एक वेगळी कळशी भरून झाकून ठेवतो, तिला घरात कुणी हात लावत नाही.

पाणी किती गरम पाहिजे हेही आंटींच्या फोनवरच कळलं. खळखळ उकळतं पाणी लगेच ओतू नको म्हणाल्या, पूड करपते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच आहे, त्यामुळं आपल्याकडं पाणी 97-98 अंशालाच उकळतं, गॅस बंद करून अर्धा-पाऊण मिनिट थांबलं की बरोबर होतं. आणि डिकॉक्शन परत गॅसवर ठेवायचं नाही, "कुदिसबारदु" हा शब्द त्या प्रत्येक फोनला म्हणतात, उकळायचं नाही. जायफळाच्या कॉफीत आपण सगळं उकळतो त्यामुळं माझा हात आपोआप तिकडंच जायचा.

दुधाचं एवढंच की आमच्या गवळ्याचं दूध म्हशीचं, कुंदा ही आमच्याकडची खव्याची मिठाई करायला नंबर एक, पण कॉफीत साय आणि दाटपणाच पुढं येतो. मी कॉफीपुरतं निळ्या पाकिटातलं नंदिनी घेतो, एकदाच उकळून लगेच वापरतो. म्हशीचंच घ्यायचं असलं तर डिकॉक्शन वाढवावं लागतं.

सध्या मी करतो ते असं. 20 ग्रॅम बिया रात्री नाही, सकाळीच दळायच्या. वरच्या डब्यात पूड घालून डबा नुसता हलवून सपाट करायची, छत्री टेकवायची. पाणी एकूण 120 मिली. पहिल्यांदा पूड भिजेल एवढंच ओतायचं आणि अर्धा मिनिट थांबायचं, पूड ताजी असली तर फुगून बारीक बुडबुडे येतात, भाजताना बियांत अडकलेला वायू असतो तो. मग बाकीचं पाणी गोल फिरवत, झाकण, आणि वीस मिनिटं फिल्टरला हात लावायचा नाही. पूड तिच्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून खाली 80 मिलीच येतं, त्यात दोन-तीन कप होतात. कपाला 30 मिली डिकॉक्शन, 100 मिली गरम दूध, साखर अर्धा चमचा, आणि दोन भांड्यांत वरून खाली तीन-चार वेळा ओतायची म्हणजे फेस येतो. फिल्टर नुसत्या गरम पाण्यानं धुवायचा, साबणाचा वास त्या भोकांत बसून राहतो. महिन्यातून एकदा वरचा डबा उजेडाकडं धरून बघायचा, भोकं बंद दिसली तर तळ गॅसवर धरायचा, आतली पूड जळून जाते आणि परत तारे दिसल्यासारखी सगळी भोकं उघडी दिसतात.

आई अजून रोज चहाच घेते. "सकाळी सकाळी मी चहाच पितो बा," म्हणते, पण रविवारी दुपारी तिला अर्धा कप लागतो, त्यात ती स्वतःच्या हातानं चिमूटभर जायफळ किसते. मी आधी नको म्हणायचो, एकदा चाखून बघितलं, चांगलं लागतं.

परवा हासनहून काकांच्या भाच्याबरोबर आंटींनी अर्धा किलो बिया पाठवल्या, त्याच्या दोनच दिवस आधी भाजलेल्या. पिशवी उघडल्या उघडल्या तो जिन्यातला वास घरभर झाला. इतक्या ताज्या लगेच दळू नको, चार-पाच दिवस जाऊ दे, असा निरोप आहे. डबा ओट्यावर मागं सरकवून ठेवलाय. गुरुवारी नळाला पाणी येईल, तेव्हा पहिला फिल्टर लावणार.