शॉकअपमधले जास्तीचे तेल

"तेल कमी नाही भाऊ, जास्त झालं आहे," असे म्हणत नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या मिस्त्रींनी माझ्या मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपमधले, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळ्यांमधले, करडे, वासट तेल मापाच्या भांड्यात ओतले.

ही जुनी गाडी घेतल्यापासून वर्धा रोडवरचा प्रत्येक खड्डा मनगटात ठणकत होता आणि मी दोष स्प्रिंगला देत होतो. प्रत्यक्षात तेल अधिक भरले की नळीत हवेला जागा कमी उरते आणि शॉकअप थोडा दबताच ती कोंडलेली हवा दगडासारखी घट्ट होते. आधीच्या मालकाने बहुधा मऊपणासाठीच तेल वाढवले असावे!

शॉकअप परत जोडताना मिस्त्रींनी चाकाचा एक्सल सैल ठेवला, ब्रेक दाबून हँडल पाच-सहा वेळा खाली रेटले आणि दोन्ही नळ्या सरळ बसल्यावरच तो आवळला. तुमच्यापैकी किती जणांनी हे तेल कधी बदलले आहे?