हुंड्यात गेलेला किल्ला आणि आमचं सोलापूर

परवा भाच्याला घेऊन भुईकोट किल्ल्यात गेलो होतो. सातवीत आहे, त्यानं आत शिरल्या शिरल्या विचारलं, मामा हा किल्ला कुणी जिंकला? आता काय सांगायचं, कारण आमच्या किल्ल्याची गोष्ट लढायांच्या आधी लग्नांपासून सुरू होते.

बहमनी राज्य फुटलं तेव्हा वर अहमदनगरची निजामशाही, खाली विजापूरची आदिलशाही आणि मधे बरोब्बर सीमेवर सोलापूर. 1524 च्या सुमारास इथंच बुऱ्हाण निजामशहाचं आदिलशहाच्या बहिणीशी लग्न लागलं, हुंड्यात हा किल्ला द्यायचं ठरलं आणि लग्न झाल्यावर दिलाच नाही! झालं, त्यावरनं पुढं कितीतरी वर्षं दोन्ही घराणी लढत बसली. मग पुढच्या हुसेन निजामशहाची लेक चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा तिच्या हुंड्यात परत सोलापूरच. हीच चांदबीबी, जिनं 1595 मध्ये मुघलांसमोर अहमदनगरचा किल्ला लढवला. भाचा म्हणाला, म्हणजे आपलं गाव आहेर म्हणून दिलं? हो रे बाबा.

किल्ल्यात जुन्या मंदिराचे कोरीव खांब आहेत, त्यावर हात फिरवून बघा, कोपरे झिजून गुळगुळीत झालेत. आणि बाजूला तलाव, तलावात सिद्धेश्वर मंदिर. सिद्धरामेश्वर 12 व्या शतकातले, बसवण्णांच्या काळातले शरण म्हणजे शिवभक्त संत, वचनं कन्नडमधली, त्यांनी तलाव खोदला, गावाभोवती 68 लिंगं स्थापली, म्हणजे शहा-सुलतान यायच्या कितीतरी आधी या गावाला माणूस मिळाला होता. एक कुंभाराची पोरगी त्यांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी करायची, तिनं लग्नाचा हट्ट धरला, ते म्हणाले मी संन्यासी, माझ्या योगदंडाशी कर. मला ही पोरगी फार आवडते, चांदबीबीइतकीच. तिच्या त्या लग्नाचीच आमची गड्ड्याची यात्रा.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, संमती कट्ट्यावर अक्षता असतात तेव्हा एकदा येऊन बघाच. पांढरी बाराबंदी घातलेली माणसं सात नंदीध्वज पेलत येतात, काठी इतकी उंच की मान मागं करून बघावं लागतं, आणि हजारो माणसं एकदम ओरडतात, एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र! यात्रेत त्या 68 लिंगांना होणाऱ्या तैलाभिषेकाला आम्ही आजही यण्णीमज्जन म्हणतो, कन्नडमधला शब्द, घरात मराठी बोलणारेसुद्धा तोच वापरतात.

तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर तेलंगणातनं आले ते बरंच नंतर. 1860 ला रेल्वे आली, 1877 ला कापडाची गिरणी निघाली, तिला आता जुनी गिरणी म्हणतात, आणि पूर्व भागात घराघरात माग खटखट करायला लागले. आमच्या शेजारच्या आजी माझ्या आईशी मराठीत, नातवाशी तेलुगूत आणि वाण्याशी कन्नडमध्ये बोलायच्या, मधे कुठं अडकायच्याच नाहीत.

किल्ल्यातनं बाहेर पडताना भाच्यानं परत विचारलं, मग शेवटी कुणाचा झाला? 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी पेशव्यांकडनं घेतला म्हटलं, तर त्याचं समाधान होईना. बाहेर गाड्यावर कडक भाकरी नि शेंगाचटणी बांधून घेत होतो, गाडीवाल्यानं हाक मारली, काय बे, पोराला किल्ला दाखवला का? आणि मागं वळून बायकोला कन्नडमध्ये सांगितलं, चटणी जरा जास्त घाल.