हिमा म्हणजे घर

टाम्पेरेला जायचं ठरलं ते धावपटू हिमा दाससाठी नव्हे, हे आधीच सांगून टाकते. ठरलं ते आबांसाठी. २०१८च्या जूनमध्ये आबा इचलकरंजीहून आमच्याकडे फिनलंडमधल्या एस्पोला आले आणि आठवड्याभरात वैतागले. कारण काय, तर आवाज नाही. सगळा जन्म यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून काढलेला माणूस. मागांचा खडखडाट डोक्यात बसलेला. आमच्या इमारतीत दुपारी बारालाही जिन्यावर पाऊल वाजत नाही. "हितं माणसं ऱ्हात्यात का नुसत्याच गाड्या लावून ठेवल्यात?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं.

टाम्पेरेला इकडे लाडाने 'मान्से' म्हणतात, म्हणजे फिनलंडचं मँचेस्टर. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात हे ऐकत आबा म्हातारे झालेले. "मग बघायलाच पायजे," ते म्हणाले, "खऱ्या मँचेस्टरला आपल्याला कोण न्हेतंय." आम्ही जाणार होतो त्याच आठवड्यात, १० ते १५ जुलै, तिथे वीस वर्षांखालच्या मुलामुलींची जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धा आहे हे मला ऑफिसात कळलं. शाळेत असताना मी चारशे मीटर धावायचे. फक्की मारलेल्या मैदानावर, मैत्रिणीचे उसने स्पाइक्स घालून, ६७ सेकंदांत. जिल्ह्याच्या पुढे कधी गेले नाही, पण चारशेची शर्यत समोर असली की मी टीव्हीलाही सूचना देते. नवऱ्याला सुट्टी नव्हती. आम्ही दोघंच गुरुवारी सकाळी रेल्वेत बसलो. पावणेदोन तास बर्चची झाडं आणि तळी, तळी आणि बर्च. आबांनी निम्मा प्रवास झोपून काढला.

टाम्पेरे दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर बसलेलं गाव आहे. वरच्या नॅसियार्वी तळ्यातलं पाणी खालच्या प्युहॅयार्वीत उतरतं आणि तेवढ्या अंतरात १८ मीटर खाली येतं. त्या धावत्या पाण्याचं नाव तामेरकोस्की. १८२० मध्ये जेम्स फिनलेसन नावाचा एक स्कॉटिश माणूस या पाण्याच्या जोरावर यंत्रं चालवायला इथे आला आणि मग सूत, कापड, चाळी, भोंगे हे सगळं त्याच्यामागून आलं. लाल विटांच्या त्या गिरण्या अजून पाण्याच्या काठाला उभ्या आहेत. प्लेव्हना नावाच्या विणकामाच्या शेडमध्ये १८८२ साली विजेचे दिवे लागले, तेव्हा सबंध उत्तर युरोपात तसा दिवा कुठे नव्हता. आत्ता तिथे सिनेमागृह आहे आणि बिअर मिळते.

आबा शेडमध्ये शिरले, छताकडे बघितलं, खांबांमधलं अंतर पावलांनी मोजलं. "दोन माग बसत्यात ह्यात, मधी जॉबरला जायाला वाट ठिऊन." मग वेटर मुलीकडे वळून मराठीतच विचारलं, "माग कुठं गेलं?" तिने हसून मेनूकार्ड दिलं.

जेवण आम्ही ताम्मेलाच्या बाजारात केलं. इथलं खास खाणं म्हणजे मुस्तामाक्कारा, काळं सॉसेज. डुकराचं मांस, रक्त आणि राईचा भरडा. विकत घेताना वजन सांगायचं नाही, इतक्या युरोचं द्या म्हणायचं. बाई बोटभर जाडीचं वेटोळं कात्रीने कापते आणि शेजारी लिंगनबेरीचा आंबट जॅम घालते. मी आबांना काय आहे ते सांगायचं टाळत होते. त्यांनी एक घास खाल्ला, थांबले, आणि म्हणाले, "रक्ती की गं ही. तिखट न्हाई तेवढं." कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला असल्या गोष्टींनी घाबरवता येत नाही. आणखी तीन युरोचं घेतलं.

रातिना स्टेडियम तामेरकोस्की जिथे खालच्या तळ्याला मिळते तिथेच आहे. गावातून चालत दहा-पंधरा मिनिटं. फार मोठं नाही, आणि तेच बरं. मुख्य स्टँडला छत आहे. आमची स्वस्तातली तिकिटं समोरच्या उघड्या बाजूची. संध्याकाळ झाली म्हणायची ती घड्याळाकडे बघून, कारण जुलैत इथे ऊन रात्री दहालाही हटत नाही. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक फिन्निश आजी होत्या. मांडीवर थर्मास, हातात कार्यक्रमपत्रिका आणि टोक केलेली पेन्सिल. प्रत्येक शर्यतीनंतर त्या आठही जणांच्या वेळा पत्रिकेत लिहीत होत्या, पहिल्या तिघांच्या नव्हे, आठही. या देशाला भालाफेकीचं आणि लांब पल्ल्याच्या धावण्याचं वेड आहे हे ऐकून होते. ते वेड असं पेन्सिल घेऊन बसलेलं असतं हे तिथे दिसलं.

आदल्या दिवशीची शंभर मीटरची शर्यत त्यांनी आम्हाला पत्रिकेत बोट ठेवून दाखवली. इंडोनेशियाचा लालू मुहम्मद झोहरी, आठवी लेन, १०.१८ सेकंद. आठवी म्हणजे अगदी कडेची, जिच्याकडे कॅमेराही नीट वळत नाही. त्याच्यामागे दोन अमेरिकन. आजींनी त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

महिलांच्या चारशेची फायनल आली. निवेदकाने फिन्निशमध्ये 'इंतिया' म्हटलं आणि आबा ताठ बसले. "आपलं न्हवं का?" आपलंच. हिमा दास, चौथी लेन. आसामच्या नगाव जिल्ह्यातल्या धिंगजवळच्या शेतकऱ्याची मुलगी, अठरा वर्षांची. भाताच्या शेतात मुलांबरोबर फुटबॉल खेळत वाढली. चारशेकडे वळून तिला फार दिवसही झाले नव्हते. एप्रिलमध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ती मोठ्यांच्या फायनलला पोचून सहावी आली होती, जूनमध्ये गुवाहाटीत ५१.१३ धावली होती. इथे हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, ५२.२५, उपांत्य फेरीत ५२.१०. कागदावर तीच पहिली यायला हवी, हे मला माहीत होतं. आबांना दुसरीच काळजी.

"हिला मागं का उभं केलंय? चौघी म्होरं हायत. आपली हाय म्हणून?"

मी त्यांना समजावलं, की वळणावर बाहेरच्या लेनला अंतर जास्त पडतं, म्हणून दर लेनला साडेसात मीटरच्या आसपास पुढे उभं करतात. तीन जणी तिच्याही मागे आहेत, शेवटी सगळ्यांचं चारशेच. आबांना हे पटलं असं वाटलं नाही.

बंदूक वाजली. आमच्या बाजूला त्या पहिलं वळण संपवून आल्या. टीव्हीवर कधी कळत नाही ती गोष्ट म्हणजे आवाज. आठ जणींचे स्पाइक्स ट्रॅकमधून उपटून निघताना चर्र-चर्र असा एक आवाज येतो, जाड कापड फाडावं तसा, आणि त्याच्या वर श्वास. हिमा आमच्यासमोरून गेली तेव्हा खांदे सैल होते, तोंड अर्धं उघडं. मग दुसरं वळण. वळणावर सगळ्या लेन हळूहळू एका रेषेत यायला लागतात आणि खरं काय ते दिसतं. रुमानियाची आंद्रेआ मिक्लोश पुढे. हिमा पहिल्या तिघींतही नाही.

मी ओरडायची थांबले. खाली बसले म्हटलं तरी चालेल. कारण मला चारशे माहीत आहे ना! पहिली तीसेक सेकंदं शरीर उधारीवर पळतं आणि मग वसुली सुरू होते. पाय भरून येतात, गुडघे उचलत नाहीत, हात उगाच वर जातात. शेवटच्या शंभरात जगातला कुठलाही धावपटू वेग वाढवत नाही, सगळे मंदावतातच. तिथे पिछाडीवर आहे त्याने पुढे यायचं कसं? "गेली," मी आबांना सांगितलं. "चौथी येईल."

शेवटचा सरळ पट्टा मैदानाच्या पल्याड. तिथून माणसं हातभर दिसत होती. समोरच्या स्टँडमधून एकदम गलका उठला आणि मी पडद्याकडे बघितलं, तोवर ती मिक्लोशच्या बरोबरीला होती. मग पुढे. मग नुसती पुढे नाही, अंतर ठेवून पुढे. आबा माझं मनगट धरून, "कोण आलं? कोण आलं?" आणि मला बोलवेना.

आजींनी उत्तर दिलं. "हिमा," त्या म्हणाल्या.

५१.४६. मिक्लोश ५२.०७, अमेरिकेची टेलर मॅनसन ५२.२८. अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक, चारशेच्या फायनलमध्ये! माझं गणित चुकलं नव्हतं, वापरलं चुकीचं. सगळे मंदावतात हे खरंच. पण ज्याने पहिल्या तीनशेत उधारी कमी केली तो कमी मंदावतो, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं त्याला पंख फुटले. तिची शर्यत शेवटच्या ८० मीटरमध्येच सुरू होते, असं तिचे प्रशिक्षक निपोन दास नंतर सांगत होते. मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी उभी राहिले असते.

पडद्यावर ती तिरंगा घेऊन फिरताना दिसली. गळ्यात पांढरा, लाल काठाचा कपडा. आबांनी डोळे बारीक केले. "टॉवेल कसला गं त्यो?" गमोसा, मी म्हटलं, आसामात मान म्हणून देतात. "हातमागावरचा असणार. काठ बघ की." सुवर्णपदकाकडे त्यांचं लक्ष त्यानंतर गेलं.

हे पदक केवढं होतं ते मला रात्री खोलीवर फोन उघडल्यावर नीट समजलं. या वयोगटाच्या जागतिक स्पर्धेत भारताचं नाव त्याआधी लागलं होतं ते फेकीत. २००२ मध्ये सीमा अंतिल थाळीफेकीत ब्राँझ, २०१४ मध्ये नवजीत कौर ढिल्लाँ पुन्हा थाळीफेकीतच ब्राँझ, आणि २०१६ मध्ये पोलंडच्या बिडगॉश्चला नीरज चोप्राचं भाल्याचं सोनं, ८६.४८ मीटर, वयोगटाच्या विश्वविक्रमासह. ट्रॅकवर धावून सोनं हे पहिलंच. त्याच फोनवर आपल्या अॅथलेटिक्स महासंघाचं ट्वीटही दिसलं. उपांत्य फेरीनंतरच्या मुलाखतीवरून हिमाचं इंग्रजी फारसं चांगलं नाही अशी शेरेबाजी. लोकांनी झोडपल्यावर माफी मागितली, पण मागायची वेळ यावी का? संध्याकाळभर माझं आणि आजींचं इंग्रजी दोन्हीकडून लंगडत होतं. आबा त्यांच्याशी सरळ मराठीत बोलत होते आणि त्यांचंच सगळ्यात छान जमलं होतं.

निघताना आजींनी पत्रिका मला दाखवली. त्यांनी ५१,४६ असं लिहिलं होतं, इकडे दशांशाला स्वल्पविराम देतात. आणि नावाभोवती गोल. मी विचारलं, नाव एवढं का आवडलं? तर त्या हसायला लागल्या. फिन्निश बोलीत 'हिमा' म्हणजे घर. पोरं एकमेकांना 'हिमाला चाललो' म्हणतात. निवेदक ते नाव ओरडतो तेव्हा त्यांना वाटायचं, कोणीतरी सगळ्यांना घरी जायला सांगतंय. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे हिम म्हणजे बर्फ. त्यावर त्या आणखीच हसल्या. इथे दोन्ही एकच, म्हणाल्या.

शुक्रवारी आबांनी पाय वर करून विश्रांती घेतली. शनिवारी पुन्हा रातिनाला गेलो, कारण पोल व्हॉल्ट, म्हणजे बांबूउडी, होतं आणि स्वीडनचा अठरा वर्षांचा आर्मांड डुप्लांटिस ५.८२ मीटर उडाला. स्पर्धेचा विक्रम. त्याचं उडणं बघताना कुठे जोर लागतोय हेच दिसत नाही. महिन्याभरात बर्लिनला युरोपियन स्पर्धेत तो ६.०५ गेला, आणि पुढे टोकियो, पॅरिसची ऑलिम्पिक सुवर्णं सगळ्यांना माहीत आहेत. हिमा त्याच ऑगस्टमध्ये जकार्ताला ५०.७९ धावली, राष्ट्रीय विक्रम, आशियाई रौप्य. मग पाठीचं दुखणं आलं, २०१९ची दोहाची जागतिक स्पर्धा हुकली. त्या आठवड्यात आम्ही ज्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या त्यातल्या बहुतेकांची नावं मला पुन्हा कुठे दिसली नाहीत. आजींच्या पत्रिकेत मात्र ती असतील.

रविवारी सकाळी प्युनिक्कीच्या टेकडीवर गेलो. १९२९चा जुना दगडी मनोरा आहे, खाली छोटं कॅफे, आणि तिथल्या मुंक्कीसाठी रांग. मुंक्की म्हणजे तळून साखरेत घोळवलेली कडी. आबांनी तोडून वास घेतला. "वेलची हाय ह्यात." आहेच. दोन्ही बाजूंना तळी, मध्ये गिरण्यांची धुराडी, आणि तामेरकोस्कीच्या शेवटाला रातिनाचे दिव्यांचे खांब. आबांनी तिथूनच इचलकरंजीला फोन लावायला सुरुवात केली.

पहिला फोन माझ्या काकाला. त्यात हिमा आमच्यापासून 'शंभर फुटावरनं' गेली. दुसरा जुन्या कारखान्यातल्या कांडीवाल्या मावशींना, त्यात वीस फूट. हेलसिंकीच्या गाडीत बसेपर्यंत पाच-सहा फोन झाले होते आणि मी शेवटचा ऐकला तेव्हा आबा कोणाला तरी सांगत होते, "अगदी हाताच्या अंतरावरनं गेली बघ. आमची पोरगी म्हणत हुती गेली, गेली. मी म्हटलं, बस गप."